तळाचे दप्तर

सुक्या गोदीतील पाणी उपसले जाऊन जहाजाचा तळ उघडा पडला, की मंजूर अंदाजपत्रकातील आकडे डळमळू लागतात, हा अनुभव आपल्या व्यवसायात कोणास नवा नाही. रंग, झडपा, सुकाणू यांच्या खर्चाचा अदमास आगाऊ बांधता येतो. परंतु किती टन पत्रा बदलावा लागेल, हे ज्याने मधल्या काळात जाडीची मापे घेऊन दप्तरी नोंदविली नाहीत, त्यास ते गोदीवाल्यांच्या तोंडूनच ऐकावे लागते, आणि गोदीचे भाडे दिवसागणिक चढत असताना दराची घासाघीस करण्यास अवसर कोठला!

अशा वेळी काटकसरीची कात्री तळाच्या रंगावर व जस्ताच्या ठोकळ्यांवर चालते, ती आम्हांस घातक वाटते. १७६१ साली ब्रिटिश आरमाराने ‘अलार्म’ या युद्धनौकेचा लाकडी तळ तांब्याने मढविला. पुढे तपासणीत पाहिले तो तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे खंगलेले, आणि पत्र्याच्या वेष्टनाचा कागद जेथे मध्ये राहून गेला होता तेथील मात्र शाबूत! १८२४ साली हंफ्री डेव्ही यांनी लोखंड वा जस्त जोडून तांब्याची झीज थांबविली, ती इतकी, की विरघळत्या तांब्याच्या विषामुळे तोवर दूर राहिलेले शिंपले तळाला निर्धास्त चिकटू लागले. तांबे वाचले, वेग गेला. आज शिंपले चढलेल्या तळाने तोच वेग राखावयाचा तर इंधन अधिक जळते. परंतु दुरुस्ती एका खात्यात, इंधन दुसऱ्यात, आणि जहाज मुदतीच्या भाड्याने दिलेले असल्यास इंधनाचे पैसे भाडेकरूच भरतो. तेव्हा रंगात बचत करणाऱ्यास तिची खरी किंमत दिसावी कशी?

मालवाहू जहाजाच्या तळाची तपासणी पाच वर्षांत दोनदा, आणि दोहोंत ३६ महिन्यांहून अधिक अंतर न पडता व्हावयाची असते. म्हणजे पुढील गोदीची मुदत आधीच ठाऊक असते. जहाज गोदीतून बाहेर पडेल त्याच दिवशी पुढच्या कामाच्या तपशिलाची वही उघडावी, आणि भारजलाच्या टाक्यांतील मापे तीत वेळोवेळी चढवावीत. आणखी एक विनंती: जुने जस्ताचे ठोकळे भंगारात टाकण्यापूर्वी जागेनिशी वजन करून नोंदवा. जो मुळीच झिजला नाही तो बहुधा तळाशी नीट जोडलेलाच नव्हता, अथवा कोणी त्यावर रंग फासला होता. आणि जो पुरता संपला त्याच्या भोवतालचा पत्रा आधी मापावयास हवा.