प्राध्यापकाचे काम मोजू नका, वाचा

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 मध्ये प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला गुणांची अट घातली. परीक्षण होणाऱ्या नियतकालिकातल्या निबंधाला 15 गुण, तसे परीक्षण नसलेल्याला 10. हेतू चांगला होता: वशिल्याला आळा बसावा. पण निबंध कोणी वाचायचा, हा प्रश्न त्या कोष्टकात नव्हताच. त्यामुळे पैसे घेऊन आठवडाभरात काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा धंदा फोफावला. अखेर 2018 मध्ये आयोगालाच आपल्या मान्य यादीतून 4305 नियतकालिके वगळावी लागली. यादी सुधारली तरी सवय सुटली नाही, कारण बक्षीस संख्येलाच मिळत राहिले. विज्ञानात याची किंमत फार मोठी आहे. एखाद्या प्रयोगाची खातरजमा करण्यात दोन वर्षे घालवणारी प्राध्यापिका या हिशेबात मागे पडते आणि एका निष्कर्षाचे चार तुकडे करून छापणारा पुढे जातो.

यावर आक्षेप येतो की गुण काढले तर निवड समितीची मर्जी परत येईल. ही भीती खरी आहे, आपल्याकडच्या नेमणुका पाहता ती मी हलकी मानत नाही. पण गुणांनी मर्जी हटली नाही, तिला आकड्यांचा आडोसा मिळाला. उमेदवाराने आपले सर्वोत्तम तीन निबंध द्यावेत, बाहेरच्या तज्ज्ञांनी ते वाचून लेखी मत द्यावे आणि ते मत उमेदवाराला दाखवावे. याला वेळ लागेल, मानधनही द्यावे लागेल. पुढची तीस वर्षे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या माणसाच्या निवडीसाठी तेवढा खर्च विद्यापीठांनी केलाच पाहिजे.