गोळेश्वरचे खाशाबा

पेठच्या पोरांना परदेशी कुस्तीगीरांची नावं पाठ. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव विचारले की गप्प! १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. मातीतला पैलवान गादीवर लढला, हे आम्ही थोडं मानत नाही. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसेच नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. तिथं सुवर्ण जपानच्या शोहाची इशीने नेलं, खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक पदक. १९५५ पासून पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ ला ते अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार जाहीर झाला तो त्यानंतर.