झाडाचं गाव नको, तहान विचारा

इफ्तार झाली की आमच्या घरात एक काम न सांगता होतं. ताटलीत उरलेल्या खजुराच्या बिया पोरं गोळा करतात आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसून येतात. आम्हीही लहानपणी तेच करायचो. दादी ओरडायची, "कढीपत्ता मारताय काय रे!" कढीपत्ता काही मेला नाही. बिया बहुतेक कुजून गेल्या. पण चार वर्षांपूर्वीच्या रमजानमधली एक रुजली, गवतासारखं एकच ताठ पान काढून उभी राहिली, आणि आज ते रोप कंबरेएवढं झालंय. जवळून गेलं की ओढणी अडकते, इतके काटे.

या रोपाला मी कधी काही खास दिलं नाही. खास सगळं दिलं ते अ‍ॅव्होकॅडोला.

गेली काही वर्षं आपल्या शहरात परदेशी फळझाडांची हौस वाढली आहे. प्रदर्शनात, रस्त्याकडेच्या नर्सरीत, मोबाइलवरच्या जाहिरातीत ड्रॅगन फ्रूट, अ‍ॅव्होकॅडो, रंबुतान, मँगोस्टीन अशी नावं आणि लालभडक फळांनी लगडलेल्या कुंड्यांचे फोटो. हौस वाईट नाही. फ्लॅटच्या गच्चीवर स्वतःच्या हातानं फळ धरावं, इफ्तारच्या ताटात एक तरी फोड घरची असावी, असं मलाही वाटतं. तसंच वाटून दोन वर्षांपूर्वी मी सहाशे रुपयांचं अ‍ॅव्होकॅडोचं कलम घेतलं. विकणारा म्हणाला, "मॅडम, सोलापूरच्या हवेत एकदम झकास येतंय." आपलीच हवा आपल्याला दुसऱ्यानं सांगितली आणि मी विश्वास ठेवला!

अ‍ॅव्होकॅडोची मुळं वरवर पसरणारी आणि क्षार न सोसणारी. आमच्या बोअरचं पाणी बादलीला पांढरा थर चढवणारं. महिन्याभरात पानांची टोकं करपली. मग मी बोअरचं पाणी बंद करून त्याला नळाचं, उजनीचं पाणी देऊ लागले. आणि नळाचं पाणी म्हणजे काय, हे सोलापूरकरांना सांगायला नको. बाहेरगावच्या पाहुण्याला मात्र समजावून सांगावं लागतं की आमच्याकडे पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं आणि मधले दिवस पिंपावर काढायचे असतात. त्या पिंपातलं रोज दोन लिटर पाणी मी झाडाला घालत होते. वर हिरवं कापड बांधलं, पानांवर फवारा मारला.

मे महिन्यात एकदा नळ सहाव्या दिवशीही आला नाही. खालच्या मजल्यावरच्या अक्का, विड्या वळतात त्या, दोन घागरी घेऊन वर आल्या. मी तेव्हा हातात तांब्या घेऊन कुंडीपाशी उभी होते. अक्कांनी झाडाकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "हे काय फळ देतं गं?" त्यांना दोन घागरी दिल्या. पण रात्री मनात हिशेब केला. दिवसाला दोन लिटर, म्हणजे महिन्याला साठ. ज्या इमारतीत बाया घागरी घेऊन जिने चढतात, तिथं मी एका झाडाला महिन्याला साठ लिटर प्यायचं पाणी पाजत होते, आणि तेही मरतच होतं. जूनच्या आत ते वाळलं.

हे सांगितलं की आमचे काही मित्र लगेच म्हणतात, "म्हणूनच परदेशी झाडं लावू नयेत. आपली देशीच लावावीत." माझा या वाक्याला विरोध आहे.

आपली म्हणजे कुठली? पेरू, पपई आणि चिकू अमेरिका खंडातून आले. सीताफळ आणि रामफळ ही नावं ऐकून कुणालाही वाटेल की ही वनवासापासून इथंच आहेत. पण वनस्पतीशास्त्रज्ञ त्यांचंही मूळ अमेरिकेतच सांगतात. आणि आज त्याच सीताफळाची 'एनएमके-१ गोल्डन' ही नामांकित जात आपल्याच बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्यात नवनाथ कसपटे यांनी तयार केलेली आहे. द्राक्षाचं तेच. नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची काळी 'शरद सीडलेस' ही 'किशमिश चोर्नी' या बाहेरून आलेल्या वाणातून निघाली.

आणि डाळिंब! सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आपल्या केगावला आहे, सांगोला-पंढरपूर-मंगळवेढ्याच्या किती घरांचं पोट या फळावर चाललं. त्याचं मूळ मात्र इराणच्या बाजूचं. सध्या ज्या वाणाचे लालचुटूक दाणे आपण इफ्तारला खातो, तो राहुरीच्या कृषी विद्यापीठात तयार झाला. एका बाजूनं पुण्याकडचा 'गणेश', दुसऱ्या बाजूनं रशियातून आलेला 'गुल-ए-शाह रेड'. त्यांच्या संकरातून निवडलेल्या वाणाचं नाव 'भगवा'. विजापूर वेशीत रमजानच्या गर्दीत हातगाडीवाला "भगवा, भगवा" ओरडत विकतो आणि रोजेदार किलोनं नेतात.

तेव्हा झाड कुठून आलं, हा प्रश्नच मला निरुपयोगी वाटतो. ते इथल्या मातीत, इथल्या उन्हात, इथल्या पाण्यावर जगतं का, एवढंच विचारायचं. सोलापूरचा पाऊस वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर. रंबुतान आणि मँगोस्टीनला केरळ-कोकणासारखी दमट हवा लागते, बाराही महिने. मे महिन्यातल्या बेचाळीस अंशांच्या कोरड्या झळांत त्यांना कुंडीत ठेवणं हा त्या झाडावरच अन्याय आहे. उलट सीताफळाकडे पाहा. उन्हाळ्याच्या तोंडावर ते पानं गाळून मोकळं होतं आणि पाऊस येईपर्यंत जवळजवळ काही मागत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर कडक रोजा धरतं. डाळिंबाला तर शेतकरी मुद्दाम पाणी तोडून ताण देतात, मगच ते बहार धरतं. अंजिराचं झाडही कोरड्या हवेचंच, आणि मोठ्या कुंडीत राहतं.

ड्रॅगन फ्रूटबद्दल मात्र मी घाईनं 'नको' म्हणणार नाही. ते मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. गुजरात सरकारनं 2021 मध्ये त्याचं 'कमलम' असं बारसंही केलं, म्हणजे पन्नास वर्षांनी तेही पुराणातलं म्हणून सांगितलं जाईल! पाणी कमी घेतं. पण आपल्या मेमध्ये त्याच्या फांद्या उन्हानं पिवळ्या पडतात, थोडी सावली द्यावी लागते. आणि फूल उमलतं रात्री, सकाळी मिटून जातं. काही जातींना दुसऱ्या जातीचा पराग लागतो, तो रात्रीच ब्रशनं लावायचा. रमजानमध्ये तरावीहनंतर जागणाऱ्या घरांना हे जमण्यासारखं होतं. पण ते फुलतं पावसाच्या दिवसांत, आणि यंदाचा रमजान उन्हाळ्याच्या तोंडावर आलाय.

ही माहिती विकणाऱ्याला असते. पण पिशवीवर फक्त फळाचा फोटो असतो. झाडाला उन्हाळ्यात किती पाणी लागतं, खारं पाणी चालतं का, कलम आहे की बियांचं रोप, एकटं फळतं की जोडीदार लागतो, एवढ्या चार ओळी छापायला कितीसा खर्च येणार? प्रदर्शन भरवणाऱ्यांनी विक्रेत्याला गाळा देतानाच ही अट घालावी. आपणही त्या ओळी असल्याशिवाय पैसे काढू नयेत.

आणि पाणी कुठलं, तेही घरात पाहावं. आमच्याकडे आता वजूचं पाणी मोरीत जात नाही. नळाखाली नाही, तांब्यानं, टोपल्यात बसून वजू करायचा; साबण नसलेलं ते पाणी थेट डाळिंबाला. हुजूर पैगंबर साधारण पाऊण लिटरात वजू करत, असं हदीसमध्ये येतं. मी मोजून पाहिलं, नळाखाली माझे चार लिटर जात होते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी अंजिराला. ही सोय कुठल्याही घरात होईल; अक्कांनीही आता भाजी धुतलेल्या पाण्यावर एक पेरू धरलाय.

राहता राहिलं खजुराचं रोप. खारं पाणी त्याच्याइतकं दुसरं कुठलं फळझाड सोसत नाही, म्हणून बोअरवर वाढलं. पण खजुरात नर वेगळा, मादी वेगळी, आणि बियाणातून साधारण निम्मी झाडं नर निघतात. फुलोरा आल्याशिवाय कळत नाही, त्याला अजून काही वर्षं. मादी निघाली तरी पराग हातानं लावावा लागतो, आणि फळ पिकायच्या वेळी आपल्याकडे पाऊस गाठतो. कच्छमध्ये म्हणूनच पावसाच्या सुरुवातीला पिवळी-लाल, कुरकुरीत असतानाच घड उतरवतात. शिवाय कुंडीत ते किती दिवस राहणार?

येत्या जूनमध्ये पहिला पाऊस पडला की ते मोहोळकडे भावाच्या शेतात, ओढ्याकाठी लावायचं ठरलंय. तिथं शिंदीची झाडं आहेत. शिंदी खजुराचीच इथली बहीण, तिचा पराग खजुराला चालतो. पोरांनी यंदाच्या बियाही धुवून डबीत ठेवल्यात.