जलवाहिनी जोडली, नळाची मालकी कोणाची?

भूमध्य समुद्रातून तुर्कस्तानचे पाणी उत्तर सायप्रसला नेणारी जलवाहिनी जानेवारी २०२० मध्ये तुटली. तुटलेला भाग नव्याने घालून ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा सुरू झाली. हा विषय अभियंत्यांचा, राजकीय पक्षांना त्यात काय कर्तव्य, असा समज समाजवादी कार्यकर्त्यांतही आढळतो. तो समज घातक आहे. नळ कोठून घालावा हे अभियंता ठरवील. परंतु त्याची तोटी कोणाच्या हाती असावी हा सत्तेचा प्रश्न आहे, आणि पाण्यासाठी मोर्चे काढलेल्या कोणालाही तो नवा वाटू नये.

योजनेचे स्वरूप प्रथम पाहिले पाहिजे. अनामूरनजीकच्या आलाकोप्रू धरणातून वर्षाला साडेसात कोटी घनमीटर पाणी किरेनियाच्या पश्चिमेस असलेल्या गेचितकोय धरणात आणावयाचे. त्यांपैकी निम्मे पिण्यासाठी, निम्मे शेतीला. समुद्रातील टप्पा ८० किलोमीटरचा. तळ काही ठिकाणी चौदाशे मीटर खोल असल्यामुळे जलवाहिनी तळावर टेकविणे शक्य नव्हते; म्हणून १.६ मीटर व्यासाचे प्लास्टिकचे नळ पृष्ठभागाखाली सुमारे २५० मीटरवर अधांतरी ठेवून दोरखंडांनी तळाशी जखडले. गोडे पाणी खाऱ्या पाण्याहून हलके, आणि हे प्लास्टिकही हलकेच. त्यामुळे नळ बुडण्याची भीती नसते, वर उसळण्याची असते. २०२० मध्ये नेमके तेच झाले. तुटलेल्या नळाचे भाग समुद्रावर तरंगताना दिसले. पन्नास वर्षांची गरज भागवील म्हणून ऑक्टोबर २०१५ मध्ये जिचे उद्घाटन झाले, ती जलवाहिनी पुरती साडेचार वर्षेही टिकली नाही.

म्हणून ही योजनाच नको होती, असे म्हणणाऱ्यांशी मात्र सहमत होता येणार नाही. मॉर्फूच्या संत्र्यामोसंब्यांच्या बागांनी भूजल इतके उपसले की विहिरींत समुद्र शिरला. १९९८ पासून काही वर्षे तर प्रचंड पिशव्यांत पाणी भरून त्या समुद्रातून ओढीत आणण्याचा प्रयोग झाला, त्याही फुटत. बेटाच्या दक्षिणेत २००८ च्या दुष्काळात ग्रीसहून जहाजांनी पाणी आणावे लागले. अशा भूमीत राष्ट्राभिमानापोटी पाणी नाकारण्याचा सल्ला ज्यांच्या घरी टाकी भरलेली आहे त्यांनाच शोभतो. हंडा घेऊन उभ्या असलेल्या स्त्रीला त्या पाण्याचा देश कोणता याची चौकशी करण्यास सवड नसते.

खरा वाद अटींचा आहे. सुमारे १६० कोटी लिरांचा भांडवली खर्च तुर्की सरकारने केला आणि या पाण्याला ‘शांततेचे पाणी’ असे नाव दिले. परंतु मार्च २०१६ च्या करारात पाण्याचे वितरण व वसुली निविदा काढून खाजगी कंपनीकडे सोपविण्याची तरतूद आली. हे काम नगरपालिकांनी आपली संयुक्त संस्था उभारून करावे, ही डाव्या पक्षांची व कामगार संघटनांची मागणी होती. अंकाराशी आर्थिक करार करण्याच्या व पाण्याच्या या ओढाताणीत त्याच वर्षी एप्रिलमध्ये तेथील संयुक्त मंत्रिमंडळ कोसळले.

खाजगी व्यवस्थापन कार्यक्षम असते, हा नेहमीचा युक्तिवाद येथे कसा टिकतो? स्पर्धा हा त्याचा आधार. पण दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच समुद्रात दोन नळ टाकून ग्राहकाला निवड देणार नाहीत. ही निसर्गतःच मक्तेदारी आहे, आणि मक्तेदारी खाजगी हाती देणे म्हणजे कर बसविण्याचा अधिकार विकणे होय. शिवाय नफा वसुलीत आहे, धोका समुद्रात. नळ तुटला तेव्हा त्याचा भार तुर्की राजकोषाने उचलला. वसुलीपुरते पुढे येऊ इच्छिणाऱ्या भांडवलाने दुरुस्तीचा वाटा मागितल्याचे ऐकिवात नाही. धोका सार्वजनिक आणि नफा खाजगी, या व्यवस्थेला कार्यक्षमता म्हणावयाचे तर शब्दकोशच बदलावा लागेल.

‘ज्याचा पैसा त्याच्या अटी’ हेही उत्तर पुरेसे नाही. १९७४ पासून जेथे तुर्की सैन्य आहे आणि १९८३ मध्ये घोषित झालेल्या ज्या राज्याला तुर्कस्तानखेरीज कोणी मान्यता दिलेली नाही, त्या समाजाला अटी नाकारण्याचे स्वातंत्र्य कितीसे असणार? जलवाहिनी सार्वजनिकच राहील, दराचा निर्णय नगरपालिका घेतील, आणि प्रत्येक घनमीटरमागे घसारा निधीत रक्कम जमा होईल, म्हणजे पुढचा तुकडा बदलताना कोणापुढे हात पसरावा लागणार नाही, एवढ्या तरी मागण्या डाव्यांनी लावून धरावयास हव्यात. त्याबरोबर उपसा थांबवून जुन्या विहिरी पुन्हा गोड होऊ देणेही आलेच. नळ आला म्हणून विहीर विसरणारे गाव नळ तुटण्याच्या दिवशी पोरके होते.

हात पसरण्याची किंमत २०२० मध्ये दिसली. अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे मतदान ११ ऑक्टोबरला होते. जलवाहिनी पुन्हा सुरू झाल्याचा समारंभ ६ ऑक्टोबरला झाला आणि एर्दोआन यांच्यासमवेत होते अंकाराला मान्य असलेले उमेदवार, पंतप्रधान एर्सिन तातार. दुसऱ्या फेरीत ते निवडून आले. केवळ पाण्याने त्यांना निवडून दिले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण तोटी उघडण्याचा दिवस किरेनियाच्या नगरपालिकेने ठरविला नव्हता, हे निश्चित. ऑक्टोबर २०२५ मध्ये तातार यांचा मोठ्या मताधिक्याने पराभव करून डाव्या पक्षाचे तुफान एर्हुर्मान अध्यक्ष झाले. मंत्रिमंडळ मात्र त्या वेळी उजव्यांचेच होते, आणि पाण्याचा करार अध्यक्षांच्या नव्हे, मंत्रिमंडळाच्या टेबलावर असतो.