ठळक केलेले शून्य आठ दिसते तेव्हा

टाइपरायटरची कोणतीही कळ दाबली तरी कागदाचा गाडा सारखाच सरके. त्यामुळे बारीक ‘आय’ला आणि रुंद ‘एम’ला एकाच मापाची जागा मिळे. संगणकाला ही सक्ती नाही, तरी तांत्रिक पुस्तिकांत संगणकाच्या आज्ञा आजही अशाच समान रुंदीच्या अक्षरांत छापतात. ते योग्यच आहे. आकडे एकाखाली एक येतात, मोकळ्या जागा मोजता येतात आणि चांगल्या फॉन्टमध्ये ‘एल’ व एक यांची गल्लत होत नाही.

अडचण येते ती अक्षर ठळक करताना. साधे अक्षर जाड केले की थोडे रुंदही होते. इथे रुंदी बांधलेली, म्हणून जाडी आतल्या बाजूला सरकते आणि अक्षराच्या पोटातली पोकळी बुजू लागते. ‘ओ’पासून वेगळे कळावे म्हणून पोटात तिरकी रेघ मारलेले इंग्रजी शून्य ठळक करून बारीक आकारात छापा, त्याची झेरॉक्स काढा, ते आठसारखे दिसू लागते. प्रयोगशाळेतल्या यंत्राच्या पुस्तिकेत ही गंमत राहत नाही. इन्सुलिनच्या चिठ्ठीवरचा ‘युनिट’साठीचा ‘यू’ शून्य म्हणून वाचला गेला तर मात्रा दहापट होते. म्हणूनच अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००४ मध्ये ही खूण वापरू नये असे ठरवले. तो धोका मुख्यतः हस्ताक्षरातला, पण डोळा फसतो तो तसाच.

मग ठळक अक्षर टाळावे का? नाही. अनेक पुस्तिकांत संगणकाचे उत्तर साध्या अक्षरात आणि आपण टाइप करायचे ते ठळक अक्षरात असते. हा संकेत फार उपयोगी आहे, पण तो गुपचूप नाहीसा होऊ शकतो. डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक’ या अक्षरजुळणी प्रणालीसाठी ‘कॉम्प्युटर मॉडर्न’ अक्षरे घडवली. त्यांतल्या टाइपरायटर वळणाला जाड भाऊच नाही. ‘टेक’वर उभ्या असलेल्या ‘लाटेक’च्या मूळ मांडणीत तुम्ही ठळक मागता, ते साधे छापते आणि इशारा फक्त नोंदींच्या फाइलमध्ये टाकते. ती फाइल कोण उघडतो? पीडीएफ छान दिसते, वाचणाऱ्याला मात्र काय टाइप करायचे ते कळत नाही.

म्हणून ज्याची जाड अक्षरे मुळातून वेगळी घडवली आहेत असाच फॉन्ट घ्यावा. बेरा मोनो, डेजाव्हू सान्स मोनो किंवा सोर्स कोड प्रो यांत ती आहेत. सॉफ्टवेअरने बाजूने शाई फासून केलेला खोटा ठळकपणा नको. आणि ठळक अक्षराला एकच अर्थ असू द्या. इशारा ठळक, शीर्षक ठळक, आज्ञाही ठळक, असे झाले की डोळा काहीच उचलत नाही. मराठी पुस्तिकेत आणखी एक पंचाईत: शिरोरेषेमुळे देवनागरी मजकूर आधीच गडद दिसतो, त्यात बारीक रेघांची रोमन आज्ञा फिकी पडते. तिथे थोडी जाड अक्षरे हवीतच.

छपाईला देण्यापूर्वी एक पान कागदावर काढावे, त्याची झेरॉक्स करावी आणि चाळिशीचा चष्मा लागलेल्या कुणाला तरी त्यातले आकडे मोठ्याने वाचायला सांगावे.