विमानांची वाटणी नको

जुलै २०२१ मध्ये तत्कालीन संरक्षण दलप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी हवाई दलाला तोफखान्याच्या पंक्तीत बसवून 'साहाय्यक दल' ठरवले. हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी ते लगेच नाकारले. एका क्षेत्रातली तिन्ही दले एकाच सेनापतीखाली आणणाऱ्या थिएटर कमांडच्या वादात तो विचार अजून डोके वर काढतो : युद्धाचा निकाल जमिनीवर लागतो, तेव्हा त्या त्या क्षेत्रातली विमाने तिथल्या सेनापतीला तोडून द्या.

हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि तो फसला आहे. १९४२-४३ च्या हिवाळ्यात ट्युनिशियात दोस्तांची विमाने ब्रिटिश आणि अमेरिकी फौजांत विभागलेली होती. जो तो सेनापती आपल्या तुकड्यांच्या डोक्यावर विमानांची छत्री मागे. विमाने थोडी थोडी करून विखुरली, जर्मन मात्र एकवटून तुटून पडत. फेब्रुवारी १९४३ मध्ये, कॅसरीन खिंडीत अमेरिकी फौजेची दाणादाण उडत असतानाच, ब्रिटिश हवाई सेनानी टेडर यांच्याकडे त्या क्षेत्राचे एकत्रित हवाई नेतृत्व आले. त्यांच्या हाताखालच्या कॉनिंगहॅम यांनी छत्र्या बंद करून विमाने शत्रूच्या धावपट्ट्यांवर सोडली. मे महिन्यात ट्युनिशियातल्या जर्मन-इटालियन फौजा शरण आल्या. जुलैमध्ये अमेरिकी भूदलाच्याच नियमपुस्तिकेने भूशक्ती आणि हवाई शक्ती समान असल्याचे मान्य केले.

तरीही पुढे व्हिएतनामात अमेरिकेने उत्तर व्हिएतनामच्या आकाशाचे सहा पट्टे पाडून ते नौदल आणि हवाई दलाला वाटून दिले. १९९१ च्या आखाती युद्धात मात्र सगळ्या हवाई हल्ल्यांची आखणी जनरल हॉर्नर या एका हवाई सेनानीकडे सोपवली.

मागितलेले विमान वेळेवर येत नाही, ही भूदलाची तक्रार खरी आहे आणि ती झटकून टाकणे अन्यायाचे ठरेल. पण तिच्यावर उपाय मालकीचा नाही, शेजाराचा आहे. आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिश भूदलाचे सेनापती माँटगोमेरी आणि कॉनिंगहॅम यांची मुख्यालये एकमेकांना लागून होती. ५ डिसेंबर १९७१ च्या सकाळी लोंगेवाला येथे पाकिस्तानी रणगाडे फोडणारी हंटर विमाने हवाई दलाच्या जैसलमेर तळावरून आली. त्यांना लक्ष्य दाखवत होते भूदलाचे छोटे टेहळणी विमान.

भारताला तर वाटणी परवडणारच नाही. मंजूर ४२ स्क्वाड्रनपैकी आज तीसच्या आसपासच हाती आहेत आणि सीमा दोन. पुण्याच्या लोहगाव तळावरचे सुखोई विमान हवेत इंधन घेऊन दोन्हींकडे पोहोचू शकते. ते एका थिएटरच्या नावावर बांधले, तर दुसरीकडचा जवान उघडा पडतो. म्हणून थिएटर सेनापतीच्या शेजारी निर्णयाचा अधिकार असलेला हवाई अधिकारी बसवावा, लक्ष्यांचा क्रम दोघांनी मिळून लावावा. कोणत्या सीमेवर किती विमाने धाडायची, हे मात्र दिल्लीतल्या एकाच हवाई मुख्यालयाने ठरवावे.