चालतंय ना, मग झालं!

परवा एका ज्येष्ठ व्यवसायबंधूंचं प्रवचन ऐकलं. सार असं: अँट या बिल्ड-टूलवरचा जुना जावा प्रकल्प मेवनवर नेणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग. सगळं चालतंय, गिऱ्हाइकाला बिल्डशी देणंघेणं नाही, नवं टूल म्हणजे फॅशन, आणि महिनाभर खपून हाती पडणार तीच जार फाइल. आपली बिल्ड-फाइल आपल्याशिवाय कुणाला कळत नाही, हेही त्यांनी सांगितलं, आणि तेही अभिमानाने!

फॅशनचं म्हणाल तर मेवनची १.० आवृत्ती २००४ची. त्या काळची फॅशन आता लग्नाच्या अल्बमातच दिसते. गिऱ्हाइकाला देणंघेणं नाही, हे खरं. घरमालकाला ड्रेनेजशीही नसतं, तुंबेपर्यंत.

आता ते लाडकं ‘चालतंय’. डिसेंबर २०२१ आठवा. लॉग-फोर-जे या लायब्ररीतलं भगदाड उघड झालं. लॉगमध्ये विशिष्ट मजकूर शिरला की परक्याला आपल्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवता येत होता. जगभर एकच प्रश्न: तुमच्याकडे आवृत्ती कुठली? आमचा एक प्रकल्प तेव्हा अँटवर सुखाने ‘चालत’ होता. लिब फोल्डरमध्ये तीन जार: ‘लॉग-नवीन’, ‘लॉग-फायनल’ आणि ‘लॉग-फायनल-हीच-वापरा’. नामकरण करणारे कधीच दुसऱ्या कंपनीत गेलेले. शुक्रवारी रात्री एकेक जार उघडून आतली मॅनिफेस्ट फाइल वाचत बसलो. पहाटे चौथी प्रत सापडली, रिपोर्ट काढणाऱ्या लायब्ररीच्या उपफोल्डरात. शेजारच्या टीमकडे मेवन. त्यांनी डिपेंडन्सी-ट्रीची एक कमांड दिली; कोणती लायब्ररी कुणाचं बोट धरून घरात शिरली, याची वंशावळच स्क्रीनवर आली. आवृत्तीचा आकडा बदलून मंडळी घरी जेवायला गेली. त्याच महिन्यात २.१५, २.१६, २.१७ अशा दुरुस्त्या येत राहिल्या. ते दर वेळी एक ओळ बदलत होते, आम्ही दर वेळी लिबमध्ये उतरत होतो. अँटला डिपेंडन्सी सांभाळणारं आयव्ही जोडून हे जमतं, असं आमचे बंधू म्हणतील. जमतं. मग इतक्या वर्षांत जोडलंत का?

‘हात लावू नका’ हे तत्त्वज्ञान जुनंच आहे. १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी मेक हे बिल्ड-टूल लिहिलं, त्यात कमांडच्या ओळीआधी टॅब सक्तीचा केला. चूक लवकरच ध्यानात आली, पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब राहिला. त्या डझनभरांच्या सोयीसाठी पुढच्या पिढ्या टॅबऐवजी आठ स्पेस देऊन कपाळ बडवत आल्या.

मग करायचं काय? एका रात्रीत उडी नको. पोस्टग्रेस या डेटाबेसनेही २०२३च्या १६व्या आवृत्तीत मेसन हे बिल्ड-टूल आणलं, तेव्हा ऑटोकॉन्फ-मेकची जुनी वाट मोडली नाही. काही दिवस दोन्ही बिल्ड शेजारी चालवा, तयार झालेल्या फाइलींच्या याद्या ताडून पाहा. आमच्या पहिल्याच मेवन बिल्डमधून मराठी लेबलांची प्रॉपर्टीज फाइल गायब झाली. जावाच्या सोर्स फोल्डरात ठेवलेल्या इतर फाइली मेवन आपणहून उचलत नाही. त्यांची जागा रिसोर्सेसमध्ये. यादी ताडली म्हणून कळलं. महिनाभर लागेल म्हणतात. आम्हाला दोन लागले. एवढं कबूल.

शेवटी अँटची फाइल पुसायला घेतली. तिच्यात तीस सेकंद नुसतं थांबायची एक पायरी होती, वर शेरा: ‘हे काढू नये’. का, ते कुणी लिहिलेलं नव्हतं. फाइलीसकट काढलं.

चालतंय.